आतल्या बाजूची टोकं

आमच्या घरात थंडीची पहिली खबर खोबरेल तेलाच्या बाटलीतून यायची. दसऱ्यानंतरच्या एखाद्या सकाळी बायको मुलीच्या वेण्या घालायला बसे, बाटली उलटी धरे आणि तेल खाली येत नसे. "थिजलं बघा," ती म्हणायची. म्हणजे लोकर आणायचे दिवस आले.

भिवंडीत थंडी पडते असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. नारपोलीत आमच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये दुपारी उभं राहिलं तर नोव्हेंबरातही बनियन पाठीला चिकटायचं. पण पहाटे शेलार गावाच्या बाजूनं गार वारा यायचा, आणि शिफ्ट संपवून निघालेले कारागीर डोक्याला गमछा गुंडाळून चहाच्या टपरीवर शेकत उभे राहायचे. आमची थंडी एवढीच. माझ्या आईला त्यामुळे सुनेच्या विणकामाचं नवल वाटायचं.

"आपल्याकडं थंडी हाय किती गो, चार दिवस. त्याच्यासाठी महिनाभर बसतंस?"

"तुमच्यासाठी नाही आई, दादांसाठी."

"मंग बस," आई म्हणायची. बोलायची असं, पण सुनेनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर संक्रांत उलटली तरी तिच्या अंगावरून उतरायचा नाही.

दादा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो. ते घोटीजवळच्या एका गावात राहायचे. तिथली थंडी खरी. पावसाळा संपला की धुकं उतरतं ते दुपारपर्यंत हलत नाही. मामांना दम्याचा त्रास होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्या गावातल्या बायकांना विणकाम शिकवायच्या, आणि मुलीला त्यांनी सगळ्यात आधी काय शिकवलं असेल तर ते हेच. दर दिवाळीला बायको भाऊबीजेला माहेरी जाताना वडिलांसाठी नवा स्वेटर घेऊन जाई. मामा तो तिथल्या तिथं अंगात घालत, बाहीवरून हात फिरवत आणि दर वर्षी तेच म्हणत, "तुझ्या आईचा हात आहे हा." बायकोला मी दागिना दिला तेव्हा तिचा चेहरा जेवढा खुलला नव्हता तेवढा या वाक्यानं खुलायचा. हे मी अनेकदा पाहिलं होतं, तरी त्या वाक्यात तिचं केवढं ठेवलेलं आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या काळात भिवंडीत लोडशेडिंग फार होतं. लाईट गेली की नारपोलीतले सगळे लूम एकदम थांबत. ज्यानं तो खडखडाट जन्मभर ऐकलाय त्यालाच ती शांतता कशी असते ते कळेल. कान दुखायला लागायचे. त्याच वेळी बायको आणि शेजारच्या खाला आमच्या पायरीवर येऊन बसायच्या. खाला मूळच्या कोकणातल्या, त्यांचा मुलगाही लूमच्याच धंद्यात. मी कपाळाला हात लावून शेडमधून घरी यायचो तेव्हा पायरीवर सुयांची टिकटिक चाललेली असायची.

"या शेठ," खाला म्हणायच्या. "तुमच्या मशिनी बंद पडल्या की आमच्या चालू होतात. आमचा मालक लाईटवाला नाही ना."

"तुमच्या मशिनीवर दिवसाला एक बाही निघते खाला."

"निघूदे की. तुमच्या आज तेवढी पण नाही निघाली."

बायको हसायची, डोळे सुयांवरच. ती कधी माप लिहून घ्यायची नाही. मामांची पाठ किती विती, खांद्यापासून मनगट किती, हे तिच्या हातात होतं. आणि तिची एक रीत होती, आईकडून आलेली. लोकरीचा एक गुंडा संपून दुसरा सुरू करताना ती गाठ मारायची नाही, गाठ अंगाला टोचते म्हणून. जुनं टोक आणि नवं टोक, दोन्ही बोटभर लांब ठेवून आतल्या बाजूला तशीच सोडून द्यायची. गळ्याच्या शेवटी, काखेत, बाही जोडते तिथं, सगळीकडे अशी टोकं. स्वेटर उलटा केला तर आतून अगदी केसाळ दिसायचा. मामांनी तो एक थंडी वापरला, धुतला, अंगाला बसला, की मग उन्हाळ्यात माहेरी गेल्यावर ती सुई घेऊन एकेक टोक टाक्यांमध्ये आत घ्यायची. आधी घेतली तर वीण ओढली जाते, असं तिनं मला एकदा सांगितलंही होतं. मी तेव्हा सुताच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलत होतो आणि तिच्याकडे बघून मान डोलावली होती.

आता माझं सांगतो. माझं काम कापड तपासायचं. लूमवरून उतरलेलं कोरं कापड उजेडाच्या टेबलावर ओढायचं, दोष बघायचा, आणि जिथं धागा लोंबत असेल तिथं छोट्या कात्रीनं तो कापडालगत कापून टाकायचा. आमच्या कापडात आडवे-उभे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात. लोंबणारं टोक कापलं तर काही बिघडत नाही, उलट न कापलं तर व्यापारी तागा परत पाठवतो. वडिलांच्या हाताखाली मी पोरवयापासून हेच केलं. लोंबता धागा दिसला की माझा हात माझ्या आधी कात्रीकडे जायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई मोरीत घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. तिला उठवणं, बसवणं, सगळं बायकोवर. भाऊबीजेला माहेरी जाणं शक्यच नव्हतं. स्वेटर विणून तयार होता, गडद तपकिरी, गळ्याला दोन बोटांची उलट-सुलट पट्टी. मामांचा फोन आला होता की धुकं पडायला लागलंय, छाती भरते. तुळशीचं लग्न झालं आणि बायको मला म्हणाली, "तुम्ही स्वतः नेऊन द्या. माझ्या वतीनं तुम्हीच घाला त्यांना."

मी हो म्हटलं, आणि निघायच्या दिवशी एसटी पकडायच्या आधी शेडवर गेलो. ट्रकवाला माल न्यायला येणार होता म्हणून. ट्रक उशिरा आला. मी टेबलाशी बसून होतो, पिशवी समोर. सहज स्वेटर बाहेर काढला, आणि सहजच उलटा केला. आपण कोऱ्या ताग्याचं करतो तसंच.

इतकी टोकं. मला खरंच वाटलं की आईच्या आजारपणात तिला हे शेवटचं काम करायला वेळ मिळाला नाही. बिचारी दमून गेली असेल. तिच्यासाठी एवढं तरी करावं, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात आल्याचा मला आनंदही झाला. मी कात्री घेतली आणि एकेक टोक अगदी विणीलगत कापलं. काखेतली, बाहीची, गळ्याची. हात माझा सफाईदार आहे. घड्या घालणारा कारागीर बाजूला उभा राहून बघत होता. "सेठ, अब हुआ एक्सपोर्ट का माल," तो म्हणाला. मीही हसलो.

घोटीला पोचलो तेव्हा मामा ओट्यावर कानटोपी घालून बसले होते. जावई एकटा आला म्हणून घरात धावपळ झाली. मेहुण्याच्या बायकोनं पाय धुवायला ऊन पाणी दिलं. मी स्वेटर काढून मामांच्या डोक्यातून घातला, बायकोनं सांगितलं होतं तसा. त्यांनी आतून हात फिरवला आणि जरा थांबले.

"टोकं या वर्षी आधीच आत घेतली का तिनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "हो."

इतकंच. कापली असं म्हणायला काय झालं होतं? पण मला वाटलं, काय फरक पडतो. शिवाय जेवायला वाढलं होतं. माझं एक अक्षर, ते मी जेवणाच्या ताटाकडे बघत बोललो.

मामा म्हणाले, "तिची आई कधी घेत नसे. असो. पोरीच्या मागं कामं खूप आहेत."

संक्रांतीच्या सुमाराला मेहुणा काही कामानं भिवंडीत आला. मी त्याला धामणकर नाक्यावरून घरी घेऊन आलो. त्यानं चहा घेतला, इकडचं-तिकडचं बोलला आणि मग पिशवीतून स्वेटर काढून बहिणीपुढे ठेवला. "ताई, रागावू नको. दादांनी पाठवलेला नाही, मीच आणला. ते तसाच घालून फिरत होते, पिना लावून."

काखेत दोन्हीकडे हात जाईल एवढी भोकं पडली होती. गळ्याची पट्टी सुटून खाली आली होती. पाठीवर एक उभी रेघ सुटत गेली होती. गाठ नव्हतीच, आणि वीण धरून ठेवायला टोकंही उरली नव्हती.

"दादा काय म्हणाले?" तिनं विचारलं.

मेहुणा माझ्याकडे बघून मग तिच्याकडे बघत म्हणाला, "काही नाही गं. म्हातारं माणूस. म्हणाले, आईचा हात होता, तो आता गेला वाटतं. घाईघाईत उरकलंय, म्हणाले."

भाऊ गेल्यावर तिनं स्वेटर उलटा केला, खिडकीपाशी धरला आणि बोटानं एकेक जागा चाचपत गेली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो, "मी साफ केला होता. शेडवर. मला वाटलं राहून गेलंय."

तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिनं स्वेटर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला वाईट करायचं नव्हतं, ते मला कळतंय. मला दुसरं काही नको. फक्त दादांना सांगा."

"तूच सांग ना फोन करून."

"मी सांगितलं तर ते म्हणतील, स्वतःची चूक नवऱ्यावर ढकलते. तुम्ही सांगितलं पाहिजे."

मी कबूल केलं, आणि खरंच सांगणार होतो. पण फोनवर नको, असं मी ठरवलं. मामांच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या दुकानात यायचा, आणि दुकानातली माणसं ऐकणार. समक्ष गेलो की सांगीन. मग होळी आली, मार्चअखेर आला. उन्हाळ्यात मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही गेलो. मला पाहुण्यांमध्ये वर बसवलं, टॉवेल-टोपी दिली, मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे आमचे भिवंडीचे जावई, कापडाचा धंदा आहे" असं सांगत होते. अशा ठिकाणी तोंड उघडून मी काय म्हणणार होतो, की कापडाच्या या माणसाला कापडातलं एवढंही कळलं नाही? बायको वाढता वाढता दोनदा माझ्याकडे बघून गेली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. "गर्दी होती गं," मी म्हणालो. "हो," ती म्हणाली, "गर्दी होती."

लाज वाटत होती हे खरं आहे. पण त्याहून मोठं कारण असं की जावई सासऱ्यापुढे चुकलो म्हणायला जात नाही. असं कुणी मला शिकवलं नव्हतं. पण लग्नापासून मी तिथं गेलो की ऊन पाणी, ताट, पाट, सगळं पुढे यायचं, आणि त्या पाटावरून उतरून बोलायचं कसं, हे मला येत नव्हतं. तिच्या वडिलांच्या नजरेत तिची किंमत कमी झाली होती ती माझ्यामुळे. आणि मी माझी जपत बसलो होतो.

पुन्हा दसरा झाला. पुन्हा एका सकाळी तेल थिजलं. बायकोनं बाटली उन्हात ठेवली आणि काहीच म्हणाली नाही. खालांनी पायरीवरून हाक मारली, "येतेस ना गो? लाईट गेलीय." ती गेली, पण सुया न घेता. नुसतीच खालांच्या शेजारी बसून राहिली. संध्याकाळी मी लोकरीचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आधी सांगून या. मग आणते. आत्ता मी विणलं तर ते घालतील, पण प्रत्येक टाका तपासतील. तसं मला विणता येणार नाही."

त्याच आठवड्यात मी गेलो. या वेळी पाटावर न बसता ओट्यावरच मामांच्या शेजारी बसलो, आणि पाणी पिण्याआधी सगळं सांगितलं. शेड, टेबल, कात्री, सगळं. टोकं तिनं आत घेतली नव्हती, मी कापली होती. तिच्या हाताचा काही दोष नाही.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. खोकल्याची एक उबळ येऊन गेली. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जावईबापू, तुम्ही फार चांगले आहात."

"मामा, मी खरं सांगतोय."

"अहो, मी त्या दिवशीच विचारलं होतं ना तुम्हाला? टोकं आत घेतली का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. आता वर्षानं तुम्ही तिची चूक स्वतःवर घेताय. घ्या. बायकोसाठी एवढं करणारा माणूस आमच्या पोरीला मिळाला, मला अजून काय पाहिजे?"

"तसं नाही मामा. तो हो मी असाच..."

"राहू द्या हो. माणसाचा हात बदलतो. मागं संसार असतो, सासूचं आजारपण असतं. मी काय तिला बोललो का कधी? तिला म्हणावं, मनाला लावून घेऊ नको." आणि त्यांनी घरात हाक मारली, "जावयांना चहा टाका गं. जेवूनच जातील."

मी अजून एकदा सांगितलं. दोनदाही सांगितलं असेल. जितकं सांगावं तितका त्यांचा चेहरा माझ्याबद्दलच्या कौतुकानं मऊ होत गेला. शेवटी मेहुणा बाहेर आला तर त्यालाही ते म्हणाले, "बघ, बायकोला कसं सांभाळून घेतात ते. शीक जरा." मेहुण्यानं हसून मान हलवली. मी चहा प्यायलो. कापलेली टोकं गोळा करून ठेवली असती तर दाखवता आली असती, पण ती तर त्याच दिवशी झाडूबरोबर शेडच्या कचऱ्यात गेली होती. संक्रांतीला मेहुणा स्वेटर घेऊन आला होता तेव्हाच मी पुढची एसटी पकडून गेलो असतो तर स्वेटर हातात धरून दाखवता आलं असतं की बघा, इथं कात्री लागली आहे. पण बायकोनं तो कधीच उसवून त्याचे गुंडे करून टाकले होते.

घरी आलो तेव्हा ती आईला भरवत होती. आईला झोपवून बाहेर आली.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

मी काही लपवलं नाही. गेल्या वर्षीचा तो 'हो'सुद्धा तिला पहिल्यांदाच सांगितला. ऐकताना तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मग त्यांनी तरी का विश्वास ठेवावा," ती म्हणाली.

"मी पुन्हा जातो. मेहुण्याला समोर बसवून सांगतो. शपथ घेऊन सांगतो."

"नको." तिचा आवाज चढला नव्हता. "आता पुन्हा सांगू नका. तुम्ही जितकं सांगाल, तितके तुम्हीच चांगले ठरता."

त्या दिवाळीला तिनं वडिलांसाठी तयार स्वेटर घेतला. मी बरोबर होतो. दुकानदारानं मापाचं विचारलं तर तिनं आपल्या हाताची वीत काउंटरवर टाकून दाखवली. दुकानदार हसला, "ताई, तसं नाही, मीडियम की लार्ज?" तिला ते सांगता येईना. लार्ज घेतला. भाऊबीजेला मामांनी तो अंगात घातला, चेन वरखाली करून बघितली आणि म्हणाले, "हे बरं केलंस. उगाच डोळे कशाला फोडायचे." ते मायेनंच म्हणाले. माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला, आमच्या दोघांमध्ये काही गुपित असल्यासारखा. मी खाली बघितलं.

उसवलेल्या त्या तपकिरी लोकरीचे गुंडे बायकोनं खालांना देऊन टाकले. त्यांनी नातवाला टोपी आणि मोजे केले. बायकोनं पुढेही विणलं, आईसाठी, मुलीसाठी, शेजारपाजारच्या बाळंतिणींसाठी. घोटीला मात्र दर वर्षी दुकानातलाच स्वेटर गेला. मामा त्यानंतर बरीच वर्षं होते. ते गेले ते लेकीबद्दल काहीही राग न ठेवता गेले. तिच्या हातातून आईचा हात गेला, एवढं मात्र मनात धरून गेले, आणि शेवटपर्यंत माझ्याकडे बघायचे ते माफ केल्यासारखं नाही, कौतुकानं.

हे मी तिला विचारून लिहीत नाहीये. ती आत मुलीशी फोनवर बोलते आहे. तिनं वाचलं तर ती तेच म्हणेल जे तेव्हा म्हणाली, आणि तिचं बरोबर असेल. कबुली देणारा माणूस वाचणाऱ्याला बरा वाटतो. मामांनाही वाटला होता. म्हणून ज्यानं हे इथवर वाचलं असेल त्यानं माझ्याबद्दल काही ठरवू नये, एवढंच धरावं की त्या स्वेटरात तिचा एकही टाका चुकला नव्हता. हे ज्या एका माणसाला पटायला हवं होतं, त्याला ते पटलं नाही.